पुरवणी

रविवारी दुपारी चारला माझा पेपरचा ठेला अर्धा मिटलेला असतो.
उरलेले अंक मोजते. बत्तीस.
कंपनीला परत जातात एकवीस.
अकरा कमी का, हे विचारायला
दर सोमवारी एक कारकून फोन करतो.
मी सांगते, भिजले.
जुलैत, ऐन थंडीच्या पावसात, त्याला ते पटतं.
जानेवारीत तो नुसता खाकरतो.

पुरवणीच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत:
या शनिवार-रविवारी मोन्तेविदेओत काय काय.
मोठ्या थिएटरात हंगेरीची चौकडी,
बंदराजवळच्या हॉटेलात टँगो, जेवणासकट,
मॉलमध्ये बर्फावरचा नाच, मुलांना निम्मं तिकीट.
आमच्या इस्ला दे फ्लोरेस रस्त्याचं नाव त्यात
एकोणीस वर्षं शोधते आहे.
पेपरात एकदा आलं होतं,
पाणी बंद राहील, त्या चौकटीत.

नेल्सन येतो, एक खांदा उतरलेला, काखेत थर्मास.
चाळीस वर्षं पियानो वाजवला त्यानं.
काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा नव्हे;
आमच्याकडे पियानो म्हणजे पिंपाएवढा ढोल,
खांद्यावरून टांगायचा,
एका हातात काठी, दुसरा तळवा उघडा.
डॉक्टरनं खांद्यावरचा पट्टा बंद केला.
आता त्याच्याकडे जाळ आहे.

माझे अकरा अंक तो चुरगाळतो, घाई न करता.
पुरवणी पातळ, पटकन धरते, म्हणून ती आधी.
हंगेरीची चौकडी पेटते.
टँगो पेटतो, जेवणासकट.
ढोल फुटपाथवर आडवे, तोंडं जाळाकडे,
आंघोळीनंतर शेकायला बसवलेल्या पोरांसारखे.
कातडं तापतं, ताणतं, आवाज एकेक पायरी चढतो.
नेल्सन टिचकी मारून कान लावतो.
"कच्चं आहे अजून," म्हणतो,
शीत दाबून पाहिल्यासारखं.

आज लाँड्रीवाल्या मिरेयाचा ब्रायन पहिल्यांदाच रांगेत.
तेरा वर्षांचा. त्याला दिलाय चिको, सगळ्यांत लहान ढोल.
चिकोनं काही म्हणजे काही करायचं नाही,
तोच ठेका, तसाच, समुद्राच्या वाऱ्यापर्यंत.
मिरवायला रेपिके आहे, दम द्यायला पियानो.
"मजा यायला लागली," नेल्सन त्याला सांगतो,
"की समज, चुकलास."

मग साठ ढोल एकदम,
आणि माझ्या ठेल्यावरच्या गोळ्यांच्या बरण्या
आपल्या आपण बोलू लागतात.
चाल इतकी हळू की म्हातारी एउलालिया
सपाता घालून खाली उतरते, तरी तिला उशीर होत नाही.
बसवाला इंजिन बंद करून
स्टिअरिंगवर बोटं वाजवतो.
एक बाई बाल्कनीत ओले कपडे धरून उभी, वाळत घालायचं विसरलेली.

औषधाच्या दुकानापाशी ब्रायनला मजा आली.
मी पाहिलं. काठी अर्ध्या श्वासानं पुढे गेली,
आणि पोराचा चेहरा पांढराफटक.
नेल्सन त्याच्यामागून चालत होता, रिकाम्या खांद्यानं.
त्यानं हात उचलला, तोच, जो धड उचलत नाही,
आणि पोराच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध,
ठेका ठेवला.
मारला नाही, ठेवला.
चार घरं, पाच घरं.
ब्रायन वळला नाही.
कुठल्या घराशी हात निघाला, मला कळलं नाही;
ठेका चालूच होता.

परतीला मी राख झाडली.
अर्धं जळलेलं एक पान: मुलांना निम्मं.
मिरेया लेकाचा तळवा नळाखाली धरून होती,
पाणी गुलाबी, आणि तो हसत होता, मूर्खासारखा.

सोमवारी फोन.
अकरा कमी, कारकून म्हणाला.
भिजले, मी म्हणाले.
बराच वेळ पलीकडे नुसता कागद सळसळला.
मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं,
"साधारण कितीला भिजतात, बाई?"
साडेचारला, मी म्हणाले.
वारा असला तर पाचला.